ओटीतले रुपये

ता. ९ मे १९३९, पोलादपूर. सकाळपासून तांब्याचा हंडा आणि दोन घागरी चिंचेने घासते आहे. उद्या सकाळी वरच्या वाडीतले गिऱ्हाईक येणार आहे. त्यांच्या मुलीचे लग्न आहे, त्यांना भांडी हवी आहेत. माझी मुलगी जूनमध्ये पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जायची आहे, मला पैसे हवे आहेत. नातेवाइकांना विकली असती तर निम्मी किंमत आणि दुप्पट उपकार पदरात पडले असते, म्हणून परक्यांना विकते आहे. भांडी लखलखीत झाली. आता पडवीतला पाटा तेवढा धुऊन ठेवायचा आहे. तो माझ्या आत्याचा, आणि उद्या त्याचे काम पडणार आहे.

आत्या रुपया कधी हातात घेत नसे. देणारा कोणी का असेना, ती पाट्याकडे बोट दाखवी. वाटून वाटून मध्ये खळगा पडलेला, स्वयंपाकघरातून बाद झालेला तो पाटा महाडच्या आमच्या घराच्या पडवीत खांबाशी असे. रुपया त्यावर टाकायचा, तो वाजला की आत्या उचलणार. नीट वाजला नाही तर ती मान तिरकी करून पुन्हा टाकायला लावी. आवाजावरून तिला चांदी कळे, शिसे कळे आणि वर नुसता मुलामा दिलेले कथीलही कळे. गावात तिला खणखणआत्या म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, कारण तोंडावर बोलणाऱ्याच्या घरची तीन पिढ्यांची उसनवारी तिला पाठ होती.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आली ती कायमची. वडील मुंबईला एका पेढीवर कारकून होते, गणपतीला आणि शिमग्याला घरी येत. बाकी वर्षभर घरात आई, आत्या, मी आणि एक म्हैस. आईला वाटे घर तिचे आहे. आत्याला वाटत नसे.

आमच्या आळीतली बिऱ्हाडे त्या काळात एकेक करून मुंबईला चालली होती. जाताना पलंग, पाळणे, पिंपे, जाती विकून जात, आणि विकायचे काम आत्याकडे येई. बायका म्हणत, आत्या बसली की फसायची भीती नाही. आत्या त्याचा एक पैसाही घेत नसे. मात्र विकणाऱ्या बाईला ती मालाशेजारी बसवी आणि गिऱ्हाइकासमोर सांगे, "हिला काही विचारू नका. हिला अक्कल नाही, म्हणून मी आहे." बाई हसून घेई. पैसे खरे मिळणार असले की माणसे बरेच हसून घेतात.

एकदा संध्याकाळी पाळणा घ्यायला एक गृहस्थ आले. चांगले कोट-टोपीतले. भाव ठरला, पाळणा हमालाच्या डोक्यावर चढला, आणि गृहस्थ हात जोडून म्हणाले, "तिन्हीसांजा झाल्या. दिवेलागणीला लक्ष्मी घराबाहेर काढायची नाही अशी आमच्या घरची रीत. सकाळी पहिल्या प्रहरी पैसे आणून देतो." ही रीत सगळ्यांच्याच घरची, तेव्हा कोण काय बोलणार? पाळणावाली तर मानही हलवून मोकळी झाली. आत्या म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. आमच्या घरूनही तिन्हीसांजेला काही बाहेर जात नाही. उतरव रे तो पाळणा." सकाळी गृहस्थ आले नाहीत. पुढे कळले की त्यांनी याच रीतीवर गोरेगावाकडे दोन पलंग आणि एक शिवणयंत्र नेले होते.

दुसरा एक दासगावहून आला. भर दुपारी, घामाघूम. पिंप आणि परात उचलून म्हणाला, "होडी लागलीय बंदराला, सुटंल आता. हे विसाराचे घ्या, बाकीचे माझा भाऊ मागनं घेऊन येतोय, वाटंतच हाय." आत्याने बोटांवर काहीतरी मोजले. "आज अष्टमी," ती म्हणाली. "आत्ता ओहोटी, दासगावच्या खाडीत गुडघाभर चिखल. तुझी होडी दिवे लागल्याशिवाय हलत नाही. बस. पाणी पी. भाऊ आला की दोघं मिळून पिंप न्या." तो पाणी प्याला, हातपाय धुऊन येतो म्हणून विहिरीकडे गेला आणि तिकडूनच गेला. आत्याने त्याचा विसार मात्र परत केला नाही. तो खरा निघाला होता.

"चोर पहिला रुपया खराच देतो," ती म्हणे. हे तिचे आवडते वाक्य. दुसरे, "घाई गिऱ्हाइकाला असते, आपल्याला नसते." आणि तिसरे, "माल दाराबाहेर गेला की आपण मालक नाही, मागणारे." मनीऑर्डर केली आहे म्हणून कोणी मुंबईची पावती दाखवली तर ती हातातही घेत नसे. तिला वाचता येत नव्हते, पण कारण ते नव्हते. "कागद वाजत नाही," ती म्हणे. "पोस्टमन आला की ये."

तिने पकडलेले खोटे रुपये ती परत देत नसे. ते आमच्या उंबरठ्याला खिळ्याने ठोकलेले असत. तसे पेठेतले दुकानदारही ठोकत, पण ते स्वतःच्या गळ्यात पडलेले. आत्या दुसऱ्यांचे ठोकी. एकदा तळीयेकडची एक म्हातारी नातीच्या लग्नासाठी घागर घ्यायला आली होती. पदराच्या गाठीतून तिने रुपये काढले, त्यातला एक पाट्यावर पडला आणि गप्प राहिला. म्हातारीला आधी कळलेच नाही.

"आत्याबाय, मना नाय ठावं गो," ती म्हणाली. "शेळी इकली, त्यानं दिलान. मी काय वाजवून बगतंय?"

"आता बघशील," आत्या म्हणाली आणि तिने मला हातोडी आणायला सांगितले.

"माजा हाय तो. परत दे, मी त्याच्या तोंडावर मारीन."

"खोटा रुपया कोणाचा नसतो. तू तो त्याच्या तोंडावर मारायची नाहीस, दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात घालशील." आत्याने तो तिच्यासमोर ठोकला. म्हातारी घागर न घेता गेली. घागर ज्या बाईची होती ती म्हणाली, मी रुपयाभर कमी घेतले असते हो. आत्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला म्हणाली, "रडणाऱ्याचा रुपया दोनदा वाजवावा. रडण्यानं कान बंद होतो."

मी सातवी पास झाले त्या वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेच्या बाईंनी आईला सांगितले, हिला पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवा, विद्यावेतन मिळेल. पण पहिले काही महिने पदरचे घालावे लागतील, अंथरूण-पांघरूण, लुगडी, प्रवास वेगळा. वडिलांनी मुंबईहून लिहिले, माझ्याकडे नाहीत, म्हैस तुझी आहे, तू बघ. म्हैस खरेच आईची. तिच्या माहेरची, भुरी नावाची, दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळा चरवी भरून दूध देणारी. आईने एक रात्र विचार केला आणि सकाळी सांगितले, भुरी विकायची. माझे पुण्याला जाणे त्या म्हशीच्या किमतीवर होते. दुसरे काही विकण्यासारखे घरात नव्हते.

गिऱ्हाईक घाटावरचे मिळाले. नवरा-बायको दोघे आले. महाबळेश्वरला उन्हाळ्यात साहेबलोकांना दूध घालतो, म्हणाला. म्हशीची पारख त्याला चांगली होती. शिंगे, कास, दात सगळे पाहिले, घासाघीस केली तीही माणसासारखी. विसाराचे दहा रुपये आत्याच्या पाट्यावर आपण होऊन टाकले. दहाही वाजले. "तीन दिवसांनी गुरुवारी येतो, बाकीचे देतो, म्हैस नेतो," म्हणाला. आत्याने मान हलवली. रात्री मात्र मला म्हणाली, "पाट्याचं ह्याला कोणी सांगितलं?"

गुरुवारी ती दोघे आली तेव्हा बाई नटून आली होती. हिरवे लुगडे, हातभर बांगड्या, रुपयाएवढे कुंकू. परडीत नारळ, तांदूळ, खण. आईला म्हणाली, "वहिनीसाहेब, म्हस म्हंजे लेक. लेक सासरी निघाली तर सवाष्णीची ओटी भरल्याबिगर न्यायची व्हय? तुमच्या हातनं तिला कुंकू लावा, मी तुमची ओटी भरते. लक्ष्मी बी वटीतच घालते. आमच्यात अशीच रीत हाय." आणि मग तिने आत्याकडे पाहिले. नुसते पाहिले, आणि पदर कपाळापर्यंत ओढला.

आई म्हणाली, "वन्सं, तुम्ही जरा आत व्हा."

आत्या हळदीकुंकवाला, मुंजीला, डोहाळजेवणाला कोणी सांगायच्या आधी आत जाई. त्याचे तिला काही वाटत असेल तर दिसत नसे. पण देण्याघेण्याच्या वेळी पडवीतून तिला आजवर कोणी उठवले नव्हते. ती आईकडे बघत राहिली. आईला, मला वाटते, एकदा तरी स्वतःच्या म्हशीचे पैसे स्वतःच्या पदरात घ्यायचे होते, मध्ये आत्याचा पाटा नको होता. आईची मान खाली होती, पण ती बोललेले मागे घेईना. आत्या उठली आणि माजघरात गेली. दार लोटून घेतले.

आईने म्हशीला कुंकू लावले, पाण्याचा हात फिरवला. मग पदर पसरून उभी राहिली. त्या बाईने नारळ घातला, खण घातला, ओंजळीने तांदूळ घातले आणि नारळा-तांदळांवर मुठीमुठीने रुपये. ओटीतले पैसे कोणी मोजत नाही, आणि भरणाऱ्या बाईसमोर तर कोणी ओटी उलटी करत नाही. देवापुढे ठेवून मगच सोडायची. पदराचे टोक कमरेला खोचून आई तशीच उभी होती, ओझ्याने जरा वाकलेली, डोळ्यांत पाणी. भुरी अंगणातून निघाली, वळणावर एकदा ओरडली आणि दिसेनाशी झाली.

देवापुढे ओटी ठेवून आईने नमस्कार केला. वळून पाहते तो आत्या मागे उभी, दोन्ही हातांत पाटा. एवढा दगड तिने एकटीने पडवीतून उचलून आणला होता. तो तिने देवासमोर ठेवला आणि म्हणाली, "वाजव."

वरचे चार-पाच वाजले. पुढचा पडला तो ढेकूळ पडावे तसा. त्याच्या पुढचाही. आई थांबली. आत्या म्हणाली, "थांबू नकोस." आईने हात मागे घेतला तेव्हा आत्या स्वतः खाली बसली आणि एकेक करून सगळे टाकले, अगदी शेवटच्या रुपयापर्यंत. पहिल्या दोन खोट्यांतच कळून चुकले होते. तरी ती टाकत राहिली आणि आईला ऐकत बसावे लागले.

आळीतले दोघे-तिघे पोलादपूरच्या रस्त्याला पळाले. कोळशाच्या गाड्यांखेरीज काही भेटले नाही. म्हैस घाटाकडे गेलीच नव्हती म्हणे. चौकीवरच्या जमादाराने सगळे ऐकून घेतले आणि मिशीत हसला. "ओटी भरून घेतलीत म्हणता. मग ओटीची फिर्याद कशी लिहू, बाई?"

संध्याकाळी आई पहिल्यांदा बोलली. "वन्सं, तुम्हाला केव्हा कळलं?"

"नारळावर पहिली मूठ पडली तेव्हा."

"आतून?"

"मला कान आहेत, ते मी आत जाताना बाहेर ठेवले नव्हते."

"मग ओरडलात का नाही?"

"शुभकार्यात विधवेनं तोंड घालू नये," आत्या म्हणाली. "तूच सांगितलंस."

दुसऱ्या दिवसापासून आईच्या ताटात डावीकडे, चटणीच्या जागी, एक खोटा रुपया असे. रोज नवा. आत्या पाने मांडी तेव्हा ठेवी. आई तो उचलून बाजूला ठेवी आणि जेवे. रुपये संपले तेव्हा पावसाळा निम्मा झाला होता. आईने ते सगळे एका फडक्यात बांधून आत्यासमोर ठेवले, हातोडी आणि खिळेही ठेवले. आत्याने त्यातला एकही उंबरठ्याला ठोकला नाही. गाठोडे विहिरीत टाकून आली. त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलली नाही. सांगायचे ते माझ्याकडून सांगे. "आत्याला सांग, पाणी तापलंय." आत्या हाताच्या अंतरावर बसलेली असे.

माझी ट्रेनिंगची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. पुढच्या मार्गशीर्षात पोलादपूरच्या एका किराणा दुकानदाराचे, बिजवराचे, स्थळ आले. त्याची परीक्षा आत्यानेच घेतली. चहा झाल्यावर उंबरठ्यावरचा एक रुपया उपटून, घासूनपुसून त्याच्या हातावर ठेवला आणि मोड मागितली. त्याने रुपया बोटावर तोलला आणि परत दिला. "हा चालायचा नाही, आत्या. खिळ्याचं भोकही आहे त्याला." आत्या आत येऊन मला म्हणाली, "घे हा. रूप नाही, पण डोळे आहेत." वीस वर्षे होत आली, तिची पारख चुकली असे मला म्हणता येत नाही.

निघायच्या दिवशी पडवीत बायका माझी ओटी भरायला जमल्या होत्या आणि आत्या अर्थातच माजघरात होती. मी नमस्काराला आत गेले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "विचारायचं असेल तर आत्ता विचार. पुन्हा सवड मिळायची नाही."

मी विचारले, "का ओरडली नाहीस?"

"मी आत गेले की बाहेर काय होतं, ते एकदा तुम्हाला दिसायला हवं होतं."

"आणि माझं शिक्षण?"

तिने एक खडा काढून बाजूला टाकला. "ते मध्ये आलं," ती म्हणाली.

तिने माफी मागितली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. मी पाया पडले तेव्हा एवढेच म्हणाली, "बाहेर ओटी भरतील त्या. घरी पोचलीस की मोजून घे."

तिने माझे जे नुकसान केले ते मला पुरते ठाऊक आहे. माझ्याबरोबर सातवी झालेली एक मुलगी आज माणगावला हेडमिस्ट्रेस आहे, आणि मी गूळ तोलते. तरी इतक्या वर्षांत या दुकानात आणि घरात एकही खोटा रुपया टिकला नाही, बोलून गेलेल्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर एक नारळ बाहेर गेला नाही, तोही तिच्यामुळेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची एकमेकींतून वजाबाकी करायला मी कधी बसले नाही.

आत्या एका श्रावणात तापाने गेली. मला निरोप मिळून पोचेपर्यंत सगळे आटोपले होते. दिवस झाल्यावर मी निघाले तेव्हा आई पडवीत आली, पाट्याकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "तो दगड घेऊन जा." गाडीवान कुरकुरला, म्हणाला, बाई, घाटाच्या पायथ्याला दगडांना तोटा हाय का? मी त्याला दोन आणे जास्त दिले. पाटा गाडीत चढवताना आईने एका बाजूने हात दिला. त्यानंतर ती आत गेली आणि मला वाटते, बऱ्याच वर्षांनी मोठ्याने रडली. कशासाठी ते मी विचारले नाही.

आता पाटा धुतला. मुलीने विचारले, वाटण करायचेय का? मी म्हटले, नाही, तुझी फी आहे.

ता. १०. वाडीतली माणसे उजाडताच आली, नवरा, बायको आणि मुलीचा मामा. भांडी त्यांना आवडली. बाईने टोपलीतून नारळ आणि तांदूळ काढले. रुपये तिच्या मुठीत होते. म्हणाली, "बाय, लग्नाची भांडी हायत. तुजी ओटी भरून नेते. पैसं बी त्यातच घालते, म्हंजे तुला नि मला दोघींना बरं."

मी पदर पुढे केला नाही. पाटा पुढे सरकवला.

तिला समजायला वेळ लागला. समजले तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आमी तसलं नाय गो," ती हळूच म्हणाली.

"वाजवू दे तिला," नवरा म्हणाला. "आपला खरा हाय."

तिने एकेक रुपया टाकला. सगळे वाजले. शेवटचा टाकताना तिचे डोळे भरून आले होते, ते मला दिसत होते. मी रुपये गोळा केले आणि पहिल्यापासून पुन्हा वाजवायला घेतले.